रुक्मावतीच्या काठावर जहाजं बांधताना

कच्छमधल्या मांडवीत शिरताना पुलावरून खाली पाहिलं की आधी दिसतात ती जहाजांची पोटं. रुक्मावती नदीला ओहोटीच्या वेळी चिखल आणि थोडं खारं पाणी एवढंच असतं. त्या चिखलाच्या कडेने दोन-तीन मजली उंचीचे लाकडी सांगाडे टेकू लावून उभे असतात. या मुलखात पाऊस जेमतेम, जंगल नाहीच. तरी चारशे वर्षं इथे समुद्रावर जाणारी जहाजं बांधली जात आहेत.

बरंचसं लाकूड बाहेरून येतं. तळाचा लांबलचक कणा आणि बाहेरच्या फळ्या यांसाठी साल वृक्षाचं लाकूड वापरतात, तेही मलेशियाहून आणलेलं. बरगड्यांना मात्र गावाकडची बाभूळ लागते. तिचं खोड मुळातच वाकडं वाढतं आणि जहाजाच्या पोटाला नेमका तोच बाक हवा असतो. ‘सरळ बाभूळ मला काय कामाची?’ असं तिथले एक वयस्क मिस्त्री म्हणाले आणि लाकडांच्या ढिगातून एक वेडावाकडा तुकडा ओढून त्यांनी बरगडीवर धरून दाखवला. दोन बोटांचा फरक होता. तो त्यांनी वाकसाने तासून काढला. समोर नकाशा नव्हता. लांबी-रुंदी ठरली की बाकीचं जहाज मिस्त्रीच्या डोळ्यांत असतं.

मी सर्वांत जास्त वेळ बसलो तो सांधे बुजवणाऱ्यांपाशी. दोन फळ्यांमधल्या फटीत सुताचा तेलात भिजवलेला पीळ ठेवायचा, त्यावर बोथट पटाशी धरायची आणि लाकडी हातोड्याने ठोकत पुढे सरकायचं. फट रिकामी असते तोवर आवाज पोकळ येतो. सूत दाबून बसलं की तो घट्ट, कोरडा होतो. कारागीर पाहत नाहीत, ऐकतात. आवाज पटला नाही तर तेवढा पीळ उपसून पुन्हा भरतात. पुढे जहाज पाण्यात उतरलं की लाकूड फुगतं आणि सुताला आवळून धरतं. सांधे असे हातभर-हातभर करत भरायचे, म्हणून मोठं जहाज पुरं व्हायला दोन-तीन वर्षं सहज जातात.

सोळाव्या शतकात कच्छचे राव खेंगारजी पहिले यांनी हे बंदर वसवलं. माळवा, मारवाड, सिंध इथून उंटांचे तांडे माल घेऊन यायचे. इथून कापूस आणि कापड मस्कत, झांजिबारकडे जायचं. हस्तिदंत, लवंग, खजूर परत यायचा. जमिनीने फार दिलं नाही म्हणून माणसं पाण्यावर गेली, असं मला वाटतं. अठराव्या शतकातला रामसिंह मालम असाच पाण्यावर गेलेला. आफ्रिकेच्या वाटेवर त्याचं जहाज बुडालं, डचांनी त्याला वाचवलं आणि हॉलंडला नेलं. तिथे तो काचकाम आणि घड्याळाचं काम शिकला आणि परतल्यावर राव लखपतजींसाठी त्याने भुजला आयना महाल उभारला. पुढे आगबोटी आल्या, व्यापार मुंबईकडे वळला आणि कच्छी व्यापारीही मशीद बंदरच्या पेढ्यांवर येऊन बसले. मांडवीत राहिले खारवे खलाशी आणि मिस्त्री.

या कामाला आता सगळे ‘वारसा’ म्हणतात, ते मला पटत नाही. हा चालता धंदा आहे. तयार सांगाडा ओढून दुबईला नेतात, तिथे त्यात इंजिन बसतं. मग दुबई-शारजातून तांदूळ, साखर, जुन्या गाड्या, घरगुती सामान भरून तो सोमालिया-येमेनच्या लहान बंदरांना लागतो. उथळ पाणी, अपुरी यंत्रं, अशांत प्रदेश. मोठ्या कंटेनर जहाजांना तिथे जाणं परवडत नाही. लाकडी जहाजाची पोळी तिथेच पिकते, आणि धोकाही तिथेच असतो. चाच्यांचा उपद्रव वाढल्यावर 2010 मध्ये भारत सरकारने ओमानमधलं सलालाह आणि मालदीवमधलं माले यांना जोडणाऱ्या रेषेच्या दक्षिणेला व पश्चिमेला जाण्यास अशा जहाजांना मनाई केली. 2017 च्या एप्रिलमध्ये सोमाली चाच्यांनी ‘अल कौसर’ हे असंच एक जहाज पकडलं, तेव्हा त्यावरचे खलाशी मांडवी परिसरातलेच होते.

पावसाळ्यात कोकणासारखाच इथलाही दर्या बंद असतो. तेवढे महिने खलाशी घरी असतात. लग्नं, घरदुरुस्ती, उधारी फेडणं सगळं तेव्हाच उरकतं. बांधणीचं काम मात्र पाऊस नसेल तेव्हा चालूच. सांगाडा पाण्यात ढकलायला अमावास्या-पौर्णिमेचं उधाण लागतं, कारण एरवी नदीत तेवढं पाणीच नसतं. उधाण हुकलं तर पंधरा दिवस थांबायचं, आणि मालकाचं व्याज तेवढे दिवस चालू राहतं. म्हणून मिस्त्री कामाची मुदत महिन्यांत सांगत नाहीत, तिथींवर सांगतात.