परत न आलेलीं माणसें

मृत्यूचें दुःख मोठें खरें. परंतु त्याला तिथि असते. ज्या घरांतील माणूस मरण पावलें, त्या घरीं दहावा, बारावा, मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध अशा पायऱ्यांनीं शोक हळूहळू खालीं उतरतो. ज्या घरांतील माणूस नाहींसें झालें, त्या घरच्या दुःखाला मात्र तिथिच नसते. तिलांजलि द्यावी, तर तो जिवंत असल्यास अमंगल. न द्यावी, तर तो गेला असल्यास त्याची उपेक्षा. अशा घरानें किती दिवस वाट पाहावी, आणि वाट पाहणाऱ्या माणसाशीं इतरांनीं कसें वागावें, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्या इतिहासांतील त्याचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सदाशिवरावभाऊ पेशवे यांचें होय. तें प्रथम थोडें विस्तारानें सांगतों.

शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, म्हणजे इ. स. १७६१ च्या जानेवारीची १४ तारीख. पानिपतावर दोन प्रहर उलटल्यावर विश्वासराव गोळी लागून पडले. तें पाहून भाऊसाहेब घोड्यावर बसून शत्रूच्या गर्दींत शिरले, आणि तेथून पुढें ते स्वकीयांच्या दृष्टीस पडले नाहींत. विश्वासरावांचें शव सांपडलें व त्याचें दहन झालें. सुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेला काशीराज पंडित त्या वेळीं शत्रूच्या गोटांत होता. शिर नसलेलें एक धड अंगावरील खुणांवरून भाऊसाहेबांचें म्हणून ओळखलें गेलें व त्यास अग्नि देण्यांत आला, असें त्यानें पुढें आपल्या फारसी वृत्तांतांत लिहून ठेविलें आहे. इतिहासकारांचा कल भाऊसाहेब रणांतच पडले असें मानण्याकडे आहे. परंतु हा पुरावा कागदावर आला तो बऱ्याच वर्षांनीं. त्या जानेवारींत दक्षिणेकडे जीव घेऊन पळणाऱ्या लोकांपाशीं पुरावा नव्हता. ज्याला जें वाटलें तें त्यानें सांगितलें. कोणी म्हणे भाऊसाहेब पडले, कोणी म्हणे वेष पालटून निसटले. थोरले चुलतबंधु नानासाहेब पेशवे याच दुःखानें खंगून २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर निवर्तले.

भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई स्वारींत पतीबरोबरच होत्या. त्या पळापळींतून हालअपेष्टा सोशीत त्या परत आल्या. पण पति गेला ही गोष्ट त्यांनीं मानली नाहीं. त्यांनीं कुंकू पुसलें नाहीं, सौभाग्यलेणें उतरविलें नाहीं. तो काळ लक्षांत घेतला म्हणजे यांतील विशेष कळतो. विधवाधर्माविषयीं इतका कडक असलेला समाज, धर्मनिर्णयाला बसलेले एवढे शास्त्री, आणि घराणें तर राज्यकर्त्यांचें. तरीहि त्या बाईंच्या कपाळाला कोणीं हात लावला नाहीं. इतकेंच नव्हे, तर १७७४ सालीं नारायणरावांची गरोदर पत्नी गंगाबाई हिला सुरक्षिततेसाठीं पुरंदरावर नेलें, तेव्हां वडीलधारें माणूस म्हणून पार्वतीबाईच तिच्या सोबतीला होत्या. १७८३ सालीं त्या वारल्या. पानिपतानंतर बावीस वर्षें त्यांनीं वाट पाहिली.

वाट पाहणाऱ्या घराचें दार उघडें असतें, आणि उघड्या दारांतून भलताच माणूस आंत येऊं शकतो. पानिपतानंतर थोड्याच वर्षांनीं उत्तरेकडे एक इसम 'मीच भाऊसाहेब' असें म्हणूं लागला. तो सुखलाल नांवाचा कनोजी ब्राह्मण. कांहीं कागदांत त्याला सुखनिधान म्हटलें आहे. चेहरेपट्टी भाऊसाहेबांशीं जुळणारी. थोरल्या माधवरावांनीं त्याला पकडून आणविलें, चौकशी केली, आणि तोतया ठरल्यावर किल्ल्यावर कैदेंत ठेविलें. प्रकरण तेथें संपावयाचें, पण संपलें नाहीं. १७७६ सालीं रत्नागिरीच्या किल्ल्यावरील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानेंच त्याला सोडवून भाऊसाहेब म्हणून उभें केलें. पाहतां पाहतां कोंकणांतील बरेच किल्ले त्याच्या हातीं गेले, हजारों माणसें त्याच्या निशाणाखालीं जमलीं, आणि तो घाटाच्या तोंडाशीं येऊन ठेपला. शेवटीं पुण्याच्या फौजांनीं त्याचा मोड केला, पळतांना तो आंग्र्यांच्या हातीं सांपडला, पुण्यास पुन्हा चौकशी झाली, आणि १७७६ च्या डिसेंबरांत त्यास देहान्त शासन झालें. न. चिं. केळकर यांच्या 'तोतयाचें बंड' या नाटकामुळें ही कथा मराठी घरांतून सर्वांस परिचित आहे.

शाळेंत हा भाग शिकवितांना मुलें हटकून विचारीत, कीं एवढ्या लोकांना खरें खोटें कळलें कसें नाहीं? त्याचें उत्तर बुद्धींत नाहीं, हृदयांत आहे. कांहीं लोक स्वार्थानें मिळाले, कांहीं पुण्यांतील कारभाऱ्यांच्या द्वेषानें. पण पुष्कळांच्या घरचें कोणी ना कोणी पानिपतावर नाहींसें झालें होतें. भाऊसाहेब पंधरा वर्षांनीं परत येऊं शकतात, तर आपलाहि मुलगा येईल, अशी आशा त्यांच्या पोटीं असली पाहिजे. ज्या नाना फडणिसांनीं हें बंड मोडलें, त्यांची स्वतःची मातोश्रीहि पानिपताच्या त्याच पळापळींत अंतरली होती. तोतयावर विश्वास ठेवणें काय असतें हें नानांना इतरांपेक्षां अधिक कळत असेल. म्हणूनच चौकशींत ढिलाई त्यांना परवडणारी नव्हती.

पुढें एका शतकानें पेशव्यांच्याच घराण्यांत हा प्रकार पुन्हा घडला. ब्रह्मावर्ताचे नानासाहेब, म्हणजे धोंडोपंत, १८५७ च्या युद्धानंतर १८५९ सालीं नेपाळच्या तराईंत शिरले. त्यांच्यावर एक लक्ष रुपयांचें इनाम लागलेलें होतें. त्याच वर्षीं ते तराईंत तापानें वारल्याची बातमी आली. पण इंग्रजांना शव दिसलें नाहीं, म्हणून त्यांचा विश्वास बसला नाहीं. त्यानंतर कित्येक वर्षें 'नानासाहेब' सांपडतच राहिले. १८७४ सालीं तर खुद्द ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनीं एक इसम पकडून इंग्रजांच्या हवालीं केला, आणि तोहि नानासाहेब नव्हे असेंच ठरलें.

प्रत्येक परत आलेला माणूस तोतयाच असतो असें मात्र नाहीं. पूर्व बंगालमधील भावाल येथील जमीनदार घराण्यांतले मधले कुमार रमेंद्रनारायण रॉय १९०९ सालीं दार्जिलिंगला वारले व त्यांचें दहन झालें, असें सर्वत्र जाहीर झालें होतें. १९२१ च्या सुमारास ढाक्यास एक भस्मधारी संन्यासी आला. बहिणीनें त्याला भाऊ म्हणून ओळखलें; पत्नीनें शेवटपर्यंत ओळखलें नाहीं. १९३० सालीं दावा लागला, १९३६ सालीं निकाल त्याच्या बाजूनें झाला, आणि १९४० सालीं कलकत्त्याच्या हायकोर्टानें व १९४६ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें तोच कायम केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो निवर्तला. येथें पत्नी नाकारीत होती आणि न्यायासन स्वीकारीत होतें. तेव्हां केवळ हृदयाची साक्ष पुरी पडत नाहीं, आणि आधींच केलेली उत्तरक्रियाहि निर्णायक ठरत नाहीं.

आपल्या शास्त्रकारांनीं ही अडचण ओळखली होती. पति धर्मकार्यासाठीं परदेशीं गेला असेल तर आठ वर्षें, विद्या किंवा यश यांसाठीं गेला असेल तर सहा, आणि सुखोपभोगासाठीं गेला असेल तर तीन वर्षें पत्नीनें वाट पाहावी, असें मनूनें सांगितलें आहे. ज्याची कांहींच वार्ता नाहीं, त्याच्यासाठीं सामान्यतः बारा वर्षें थांबून पालाशविधि करावा, असें निबंधकार सांगतात. पळसाच्या ३६० पानांची प्रतिमा करावयाची व तिला अग्नि द्यावयाचा. पण याहून मोठी गोष्ट पुढेंच आहे. विधि झाल्यावर तो माणूस जिवंत परत आला तर काय? तर त्याला घृतकुंभाचा संस्कार करून, जातकर्मापासून सर्व संस्कार पुन्हा करावे, आणि त्यानें आपल्याच पत्नीशीं पुन्हा विवाह करावा. म्हणजे शास्त्रानें दार लावून घेतलें खरें, पण कडी घातली नाहीं.

कायद्याची रीतिहि फार निराळी नाहीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील १०८ व्या कलमाचा नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १११ व्या कलमांत आला आहे. ज्यांच्या कानीं एखाद्याची वार्ता स्वाभाविकपणें आली असती, त्यांना ती सात वर्षें आली नाहीं, तर तो जिवंत आहे हें सिद्ध करण्याचा भार तसें म्हणणाऱ्यावर पडतो. मात्र तो अमुक दिवशीं मरण पावला असें कायदा गृहीत धरीत नाहीं. ती तारीख ज्याला हवी त्यानें ती सिद्ध करावी. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें अशीच सात वर्षें वार्ता नसणें हें घटस्फोटाचें एक कारण मानलें आहे. पण तो अधिकार आहे, सक्ति नव्हे.

माझ्या नोकरीच्या एका गांवीं एक बाई मुलाचें नांव शाळेंत घालावयास आली. नवरा चार वर्षांपूर्वीं कामाच्या शोधांत म्हणून गेला, तो परतला नव्हता. अर्ज भरतां भरतां ती थांबली आणि हलक्या आवाजांत म्हणाली, "गुरुजी, यांच्या नांवामागें श्री. लिहूं कीं कै.?" शेजारीं उभा असलेला तिचा दीर कांहीं बोलणार, तोंच मीं म्हटलें, "तुमच्या मनाला येईल तें लिहा, बाई." तिनें श्री. लिहिलें. मुलगा शाळा सोडून गेला तोंपर्यंत आमच्या दफ्तरांत तें तसेंच राहिलें.

अशा घरांतील आप्तांस दोनच गोष्टी सुचवितों. पहिली ही, कीं माणूस घरीं आलें नाहीं तर त्याच दिवशीं पोलीस ठाण्यावर नोंद करावी. चोवीस तास थांबावें लागतें ही समजूत निराधार आहे. अलीकडचें छायाचित्र, अंगावरील खुणा, शेवटचा पोषाख हीं लेखी द्यावीं व नोंदीची प्रत जपून ठेवावी. पुढें पत्नीचें निवृत्तिवेतन, विमा, मुलांचा वारसा हें सारें त्या एका कागदावर उभें राहतें. दुसरी गोष्ट अशी, कीं सात वर्षांनीं मालमत्तेचा निर्णय करावा, बारा वर्षांनीं हवा तर विधि करावा. पण वाट पाहणारीनें वाट पाहणें कधीं थांबवावें, हें दुसऱ्यानें ठरवूं नये. अडीचशें वर्षांपूर्वीं शनिवारवाड्यानें पार्वतीबाईंना जी मोकळीक दिली, ती आपल्या घरांतील बाईला देण्यास आपल्याला कोणती हरकत आहे?