बोनेटवरचे नाव आणि बिलावरची वॉरंटी

जपानमध्ये वापरून झालेले कुबोटा, यानमार, इसेकी अशा कंपन्यांचे छोटे ट्रॅक्टर अमेरिकेत बरीच वर्षे विकले जात आहेत. कंपनीच्या अधिकृत वितरकाला वगळून स्वतंत्र आयातदार ते आणतात. या व्यवहाराला तिकडे ‘ग्रे मार्केट’ म्हणतात. किंमत कमी आणि इंजिन दणकट, त्यामुळे गिऱ्हाईक भुलते. अडचण उभी राहते ती पहिला सुटा भाग मागायची वेळ आल्यावर.

बोनेटवर नाव तेच असले तरी यंत्र तेच असेलच असे नाही. जपानी बाजारातली मॉडेले भातखाचरातल्या चिखलणीसाठी बेतलेली असतात. त्यांच्या चाकांमधले अंतर, गिअर आणि पीटीओचा, म्हणजे अवजाराला फिरवणाऱ्या दांड्याचा, वेग अमेरिकी मॉडेलांपेक्षा वेगळा असू शकतो. कुबोटाने याच मुद्द्यावर तक्रार केली आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने अशा अनेक मॉडेलांची आयात रोखली. डिसेंबर १९९९ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. माल जुना आहे, हा आयातदारांचा बचाव टिकला नाही. सूचनांच्या पट्ट्या जपानीत, अमेरिकी डीलरकडे त्या मॉडेलांचे सुटे भाग नाहीत आणि दुरुस्तीची माहितीही नाही, हे फरक निकालात महत्त्वाचे ठरले.

सगळेच भाग दुर्मीळ असतात असे मात्र नाही. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२ आणि जाडी १५. हे बेअरिंग कुठल्याही दुकानात मिळते. ऑइल सीलवरही बहुधा मापे असतात. पट्टे, बॅटरी, फिल्टर यांचेही जमून जाते. अडते ते गिअरबॉक्समधले दाते, हायड्रॉलिक पंप आणि पत्र्याच्या भागांपाशी. यानमारच्या बाबतीत थोडा दिलासा आहे: १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जॉन डीअरच्या नावाने विकले गेलेले ८५० आणि ९५० हे ट्रॅक्टर यानमारनेच बनवले होते. त्यामुळे काही भाग जुळतात. पण जुना भाग हातात घेऊन माप ताडल्याशिवाय मागणी नोंदवू नये. मॉडेल आणि चॅसी क्रमांकाची पाटी खरवडलेली असेल, तर ट्रॅक्टर कितीही स्वस्त असला तरी महागच पडणार.

पीटीओची तपासणी सहसा कोणी करत नाही. अमेरिकी अवजारे मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या हिशेबाने बनलेली असतात, तर जपानी ट्रॅक्टरच्या पीटीओला अनेकदा तीन-चार वेग असतात. त्यातला वरचा वेग लागला तर गवत कापणारे यंत्र झेपेपेक्षा जोरात फिरते. शिवाय अनेक जुन्या मॉडेलांत क्लच दाबला तरी फिरत्या पात्यांचा जोर उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. त्यासाठी एकाच दिशेने जोर नेणारी कपलिंग बसवावी लागते. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट अनेक जुन्या जपानी ट्रॅक्टरांना नसते, तीही वेगळी घ्यावी लागते.

ताज्या रंगावर भरवसा नको. तासांचे मीटर बदलता येते. पेडलचे झिजलेले रबर आणि स्टिअरिंगमधली ढिलाई मात्र सहसा लपत नाही.

वॉरंटीचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे. कंपनीची वॉरंटी नव्या यंत्राला आणि अधिकृत विक्रीला असते, अशा ट्रॅक्टरला ती मिळत नाही. जी काही मिळते ती आयातदाराची, आणि तो दुकान चालवतो तोवरच. ती केवळ इंजिन-गिअरबॉक्सपुरती आहे की हायड्रॉलिकही धरले आहे, मजुरी कोणाची, ट्रॅक्टर दुकानापर्यंत नेण्याचे भाडे कोणाचे, हे बिलावर लिहून घ्यावे लागते. बिलावर ‘आहे तसे’ असा शेरा असेल, तर विक्रेत्याने तोंडी दिलेला शब्द पुढे सिद्ध करणे फार अवघड जाते.