दुसऱ्याच्या पुंजीचा अभ्यास

ऑस्ट्रेलियात एका अख्ख्या व्यवसायाला कायद्याने पुन्हा विद्यापीठात पाठवले. पैशाच्या नियोजनाचा सल्ला देण्यात ज्यांची वीस-पंचवीस वर्षे गेली होती, अशा माणसांना संसदेने २०१७ साली सांगितले, की ठरवून दिलेले शिक्षण पूर्ण करा, नाहीतर सल्ला देणे थांबवा. त्यासाठीची मुदत अखेर १ जानेवारी २०२६ अशी ठरली. यातल्या कित्येकांनी पूर्वी पदवीही घेतलेली नव्हती. तरीही अनुभवाच्या बळावर त्यांना थेट पदव्युत्तर पदविकेला प्रवेश मिळाला. दिवसा ग्राहक, रात्री घरच्या संगणकावर अभ्यास, अशी दोन-दोन, तीन-तीन वर्षे काढून त्यांनी ती पुरी केली. शिक्षणाच्या इतिहासात मला हा प्रयोग विलक्षण वाटतो.

ही सक्ती का आली, हे समजायला ‘सुपर’ माहीत हवे. सुपरॲन्युएशन म्हणजे तिथली सक्तीची निवृत्ती-बचत. १९९२ पासून प्रत्येक मालकाला नोकराच्या नावे पगाराचा काही हिस्सा निवृत्ती फंडात भरावा लागतो. सुरुवातीला हा हिस्सा ३ टक्क्यांच्या घरात होता, १ जुलै २०२५ पासून तो १२ टक्के झाला. मेलबर्न-सिडनीत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही पगाराच्या पावतीवर ही ओळ असतेच. या साऱ्या फंडांतली रक्कम आज ४ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. साध्या शिक्षकाच्या, ट्रकचालकाच्या नावावर निवृत्तीच्या वेळी लाखो डॉलर जमू लागले आणि ते कुठे ठेवावेत हे सांगणाऱ्यांचा मोठा वर्ग उभा राहिला. या वर्गाला पदवीची अट नव्हती. अनेकांची कमाई फंडांकडून आणि विमा कंपन्यांकडून मिळणाऱ्या कमिशनवर होती.

जानेवारी २००९ मध्ये क्वीन्सलंडच्या टाउन्सव्हिल शहरातली स्टॉर्म फायनान्शियल ही कंपनी कोसळली. तिच्या सल्ल्याने निवृत्त माणसांनी राहती घरे गहाण टाकली होती आणि वर आणखी कर्ज काढून शेअर बाजारात पैसे लावले होते. बाजार पडला, तशी घरेही गेली. २०१३ च्या जुलैपासून कमिशनवर मोठी बंधने आली आणि ग्राहकाचे हित आधी पाहणे हे कायदेशीर कर्तव्य ठरले. तरी पाणी मुरतच होते. निवृत्त न्यायमूर्ती केनेथ हेन यांच्या चौकशी आयोगापुढे २०१८ साली जे बाहेर आले, त्याने देश हादरला. सल्ला न देताच सल्ल्याची फी घेतली जात होती, मरण पावलेल्या ग्राहकांच्या खात्यांतूनही ती कापली गेली होती. फेब्रुवारी २०१९ च्या अंतिम अहवालात ७६ शिफारशी होत्या. शिक्षणाचा कायदा त्याआधीच झाला होता, पण त्याची निकड लोकांना खऱ्या अर्थाने पटली ती या सुनावण्यांनी.

हजारो सल्लागारांना नोकरी न सोडता शिकवायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या देशाकडे फार पूर्वीपासून तयार होते. अंतर हीच तिथली मूळ अडचण. क्वीन्सलंड विद्यापीठ १९११ पासूनच टपालाने शिकवू लागले होते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पेडल मारून वीज निर्माण करणारा रेडिओ-संच तयार केला. वाळवंटातल्या एकाकी वस्त्यांना विमानाने येणाऱ्या डॉक्टरला हाक मारता यावी, हा त्याचा उद्देश. पुढे शिक्षणतज्ज्ञ ॲडलेड मीत्के यांच्या लक्षात आले, की या वस्त्यांतली मुले तो रेडिओ सराईतपणे वापरतात. मग त्यावरून शाळाच का भरवू नये? १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज इथे ‘स्कूल ऑफ द एअर’ सुरू झाली, आणि शेकडो किलोमीटरवरच्या मुलाचा आवाज बाईंना वर्गात ऐकू येऊ लागला. १९५५ मध्ये आर्मिडेलच्या न्यू इंग्लंड विद्यापीठाने टपालाने पाठ पाठवायला आणि सुटीत काही दिवसांचे निवासी वर्ग घ्यायला सुरुवात केली. १९७०च्या दशकात गीलाँगला स्थापन झालेल्या डीकिन विद्यापीठाने दूरशिक्षणाला आपल्या कामाचा कणाच मानले. आपल्याकडे नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले, तेही याच विचारातून. तेव्हा आर्थिक नियोजनाची पदविका संगणकावर आली, त्याआधी तिथे दुरून शिकवण्याच्या तीन पिढ्या होऊन गेल्या होत्या.

ही पदविका आठ विषयांची. पूर्ण वेळ दिला तर एक वर्ष, नोकरी करून दोन किंवा अधिक. तिथल्या शैक्षणिक पातळ्यांत ती आठवी, मास्टर्सच्या एक पायरी खाली. गुंतवणूक, करकायदा, निवृत्ती, विमा, वारसा, ग्राहकाचे मानसशास्त्र आणि व्यवसायनीती अशी विषयांची रास असते. पण नावांवरून या अभ्यासाची खोली कळत नाही. त्यासाठी एक गणित करून पाहावे.

दोन निवृत्त माणसे आहेत. दोघांकडे प्रत्येकी ५ लाख डॉलर. दोघे दर वर्षअखेर ३० हजार काढतात. पहिल्याच्या गुंतवणुकीत पहिल्या वर्षी २० टक्के घट, मग १० टक्के वाढ, मग २० टक्के वाढ. दुसऱ्याला हेच आकडे उलट्या क्रमाने येतात. पैसे काढलेच नसते, तर तीन वर्षांनी दोघांकडे सारखेच, ५ लाख २८ हजार राहिले असते. पण काढल्यामुळे पहिल्याकडे उरतात ४ लाख २२ हजार ४००, दुसऱ्याकडे ४ लाख ४७ हजार ६००. सरासरी परतावा एकच, चुकलेले कोणीच नाही, तरी २५ हजार २०० डॉलरचा फरक. पडत्या बाजारात पैसे काढावे लागले, की नंतरच्या तेजीत वाढायला मुद्दलच कमी उरते. नोकरीच्या काळात परताव्याच्या क्रमाने फारसे बिघडत नाही, निवृत्तीच्या पहिल्या काही वर्षांत तोच क्रम पुढची पंचवीस वर्षे ठरवतो. म्हणून निवृत्त माणसाला ‘सरासरी ८ टक्के मिळतील’ एवढेच सांगणारा सल्लागार त्याला अर्धेच सांगत असतो.

वारसाहक्काचे प्रकरणही असेच डोळे उघडणारे. सुपरमधली रक्कम मृत्युपत्राच्या कक्षेत आपोआप येत नाही. बंधनकारक वारसनोंद नसेल, तर ती कोणाला द्यायची हे फंडाचे विश्वस्त ठरवतात. शिवाय तीच रक्कम जोडीदाराला करमुक्त मिळते, पण स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या मोठ्या मुलाला मिळाली, तर तिच्या करपात्र भागावर साधारणपणे १५ टक्के कर आणि आरोग्यसेवेचा अधिभार लागतो. एका कागदावरच्या एका सहीने कुटुंबाचे हजारो डॉलर वाचतात किंवा जातात. हे ज्ञान गुप्त नाही, पण कोणीतरी ते नीट शिकून बसलेले असावे लागते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नीतीचा विषय. जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या आचारसंहितेत विश्वासार्हता, सक्षमता, प्रामाणिकपणा, न्याय्यता आणि परिश्रम ही पाच मूल्ये आणि १२ मानके आहेत. स्वतःच्या हिताचा ग्राहकाच्या हिताशी संघर्ष असेल, तिथे सल्ला देऊच नये, असे तिसरे मानक सांगते. बऱ्याच व्यवसायांत असा संघर्ष उघड केला की भागते, इथे भागत नाही. जुन्या सल्लागारांकडे वाणिज्याची पदवी असली, तरी बहुतेकांना हा नीतीचा विषय विद्यापीठातून करावाच लागला. काही अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला ग्राहकाशी केलेल्या मुलाखतीचे चित्रीकरण करून पाठवावे लागते, आणि बाईला नवऱ्याच्या देखत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खरे तिचेच होते का, इतके बारकावे त्यात तपासता येतात. समोरासमोरच्या वर्गात हे निसटून गेले असते. चित्रफीत पुन्हा पाहता येते.

पदवी मिळाली तरी नवख्याचे काम संपत नाही. त्याला १६०० तासांचे देखरेखीखालचे वर्ष काढावे लागते, राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, आणि पुढे जन्मभर दर वर्षी ४० तास शिकावे लागते.

याची किंमत देशाने मोजली. २०१८ अखेर सुमारे २८ हजार सल्लागार होते, काही वर्षांतच ते १६ हजारांच्या खाली आले. कित्येकांनी शिकण्यापेक्षा निवृत्ती पत्करली, मोठ्या बँका या व्यवसायातून बाहेर पडल्या. सल्ल्याची वार्षिक फी साडेतीन हजार डॉलरच्या पुढे गेली, म्हणजे ज्या ट्रकचालकासाठी हे सारे केले, त्यालाच ती जड झाली. २०२३ साली सरकारने थोडी वाट मोकळी केली. २००७ ते २०२१ या काळात दहा वर्षांचा निष्कलंक अनुभव असणाऱ्यांना पदविकेतून सूट मिळाली. माझ्या मते ही सूट न्याय्य होती, पण नीतीचा विषय तेवढा सर्वांना ठेवायला हवा होता.

भारताने याच रस्त्यावर उलट दिशेची पावले टाकली आहेत. बाजार नियामक सेबीने २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम आणले, २०२० मध्ये पदव्युत्तर शिक्षण आणि पाच वर्षांचा अनुभव अशा दोन्ही अटी एकत्र घातल्या. सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशात नोंदणीकृत सल्लागार हजाराच्या आतबाहेरच राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये अट पदवीपर्यंत खाली आली आणि अनुभवाची अट गेली. राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या दोन प्रमाणपत्र परीक्षा मात्र कायम आहेत. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला या संस्थेचा मोठा परिसर आहे. जळगावच्या किंवा सावंतवाडीच्या पदवीधराला त्या परीक्षांची तयारी आज घरी बसून करता येते.