पंधरा सेकंदांचं इंजिन: पुलिंग ट्रॅक्टरचे पार्ट कसे निवडतात?

शेतातल्या ट्रॅक्टरचं इंजिन हजारो तास चालावं म्हणून बनवलेलं असतं. अमेरिकेतल्या ट्रॅक्टर पुलिंग स्पर्धेत त्याच जातीचं इंजिन एका खेपेला जेमतेम पंधरा-वीस सेकंद पूर्ण ताकदीने चालतं. मग त्याचे पार्ट निवडताना 'सगळ्यात मजबूत ते घ्या' एवढं पुरतं का? नाही पुरत. का, ते बघू. माझा अभ्यास धातूंच्या थकव्याचा आहे, आणि हा विषय समजवायला यापेक्षा झकास उदाहरण मला सापडलेलं नाही.

आधी खेळ समजून घ्या. ट्रॅक्टरच्या मागे स्लेड नावाची घसरगाडी जोडतात. तिच्यावरची वजनाची पेटी सुरुवातीला मागच्या चाकांवर असते. ट्रॅक्टर पुढे जाईल तशी ती पुढे सरकते, भार जमिनीवर घासणाऱ्या पत्र्यावर येतो आणि घर्षण वाढत जातं. साधारण 300 फुटांची धाव पूर्ण केली की 'फुल पुल'. तिथली राष्ट्रीय संघटना 1969 मध्ये स्थापन झाली. वजन, इंधन, टर्बोची संख्या यांवरून गट पडतात. म्हणून पहिली खरेदी पार्टची नाही, नियमपुस्तकाची! ज्या गटात एकच टर्बो चालतो, तिथे दोन टर्बोंचा हिशोब करून काय उपयोग?

आता ताकद. ती वाढवायचे ढोबळ मार्ग दोन: इंजिन जास्त वेगाने फिरवा, किंवा सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबून जास्त इंधन जाळा. दोन्ही मार्ग वेगवेगळे पार्ट मोडतात. इथेच निवडीची किल्ली आहे.

उदाहरणाला इंटरनॅशनल हार्वेस्टरचं डीटी 466 घेऊ. हे सहा सिलिंडरचं, सुमारे 7.6 लिटरचं डिझेल इंजिन पुलिंगवाल्यांच्या आवडीचं. त्याचा स्ट्रोक सुमारे 136 मिमी. पिस्टन, पिन आणि रॉडचं वरचं टोक मिळून 3 किलो धरा (हा आकडा फक्त हिशोबापुरता). 2600 आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला जाऊन उलटा फिरतो, तेव्हा रॉडला सुमारे 2 टनांची ओढ बसते. वेग दुप्पट, म्हणजे 5200 केला तर? 4 टन नाही, 8 टन! कारण ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी ही ओढ तोलून धरायला वर गॅसचा दाबही नसतो. म्हणून वेग वाढवणाऱ्याने आधी रॉड, त्याहून आधी रॉडचे बोल्ट आणि सोबत व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बघाव्यात. हलका पिस्टन इथे दुहेरी कामाचा: वजन 10 टक्के उतरलं की ओढही 10 टक्के उतरते.

दुसरा मार्ग टर्बोचा. सिलिंडरचा व्यास सुमारे 109 मिमी. आतला कमाल दाब 130 बार धरला तर एका पिस्टनवर सुमारे 12 टन येतात, 250 बारला जवळपास 24. तेवढाच जोर वरच्या हेडलाही उचलत असतो. त्यामुळे साध्या बोल्टऐवजी भारी पोलादाचे स्टड घालतात. बोल्ट आवळताना ताणासोबत पीळही खातो. स्टडवर नट फिरतो, स्टड मुख्यतः ताणलाच जातो, म्हणून घट्टपणा नेमका मिळतो. गॅस्केटच्या जोडीला धातूची रिंगही बसवतात. पिस्टन ओतीव असेल तर घडीव घेतात. घडीव पिस्टनची काही मिश्रणं गरम झाल्यावर जास्त फुगतात, म्हणून सिलिंडरमध्ये फट थोडी जास्त ठेवावी लागते.

आता खरी गंमत. 1860 च्या दशकात जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं, की धातू एका झटक्यात सोसेल त्यापेक्षा कितीतरी कमी भाराने, पण पुन्हापुन्हा दिलेल्या, तुटतो. यालाच थकवा म्हणतात. बऱ्याच पोलादांना एक मर्यादा असते: तिच्याखालचा भार ती जवळजवळ कितीही वेळा सोसतात. अॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. भार छोटा असला तरी मोजदाद चालूच राहते.

म्हणजे अॅल्युमिनियमचा रॉड बाद? हिशोब करा. शेतातलं इंजिन 2000 आरपीएमने 5000 तास चाललं तर 60 कोटी फेरे होतात. पुलिंगमध्ये 5200 आरपीएमने 15 सेकंद म्हणजे 1300 फेरे. अशा 200 खेपा केल्या तरी 2 लाख 60 हजार! शेतात जो रॉड कुणी घालणार नाही, तो इथे हलकेपणामुळे विचारात घेता येतो. अट एकच: खेपांची वही ठेवायची आणि ठरलेल्या आकड्याला रॉड काढून टाकायचा, दिसायला कितीही चांगला असला तरी. थकव्याची भेग शेवटपर्यंत डोळ्यांना दिसेलच असं नाही.

उष्णतेचंही तसंच. धाव इतकी छोटी की काही जण ब्लॉकमधली पाण्याची जागा काही अंशी घट्ट भरावाने बुजवतात. थंडावा कमी होतो, पण ब्लॉक ताठ राहतो. शेतात हेच इंजिन तापून बसेल.

एका ठिकाणी मात्र 'पंधरा सेकंदच तर आहेत' ही सबब चालत नाही. ओतीव लोखंडी फ्लायव्हील जास्त वेगात फुटलं तर त्याचे तुकडे प्रेक्षकांपर्यंत जाऊ शकतात. म्हणून पोलादी फ्लायव्हील, त्याभोवती संरक्षक आवरण आणि स्लेडला जोडलेला किल स्विच. डिझेल इंजिनाचं नुसतं इंधन तोडून भागत नाही. टर्बोचं सील गेलं तर ते स्वतःचंच ऑइल जाळत पळत सुटू शकतं, त्यामुळे हवा बंद करणारी झडप लागते.

तर क्रम असा: नियम, सुरक्षा, कमाल आरपीएम, रॉड आणि त्याचे बोल्ट, मग पिस्टन आणि हेडचे स्टड, आणि सगळ्यात शेवटी टर्बो. बरेच जण टर्बोपासून सुरुवात करतात, कारण तो दिसतो आणि गर्जतो. पण टर्बो किती दाब देऊ शकतो हे ठरवण्याआधी, तो दाब सोसायचा कुणी, हे ठरलेलं असावं.

तुमच्या ओळखीच्या एखाद्या यंत्रात कुठला पार्ट 'चांगला दिसत असताना' बदलतात? कमेंटमध्ये नक्की सांगा.