कळा सोसताना गाण्याची साथ

पूर्वी आपल्या खानदेशात घरोघरी जाते असे. कोंबडा आरवायच्या आधी बाया उठायच्या आणि दळायला बसायच्या. जाते जड. हात भरून यायचे. मग दोघी समोरासमोर बसायच्या, एकच खुंटा धरायच्या आणि ओवी म्हणायच्या. ओवी सुरू झाली की जाते हलके वाटायचे. जात्याचे वजन काही कमी होत नसे. मग ते हलके का वाटायचे?

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) आपल्याला ठाऊकच आहेत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरुणपणीच त्यांना वैधव्य आले. पण शेतात, चुलीपुढे, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचत. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ती जपली आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. गाण्याने कष्ट संपत नाहीत. पण ते सोसायला बळ येते. हे आपल्या आया-आज्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

तीच गोष्ट बाळंतपणाची. आधी कळा म्हणजे काय ते समजून घेऊ. गर्भाशय ही स्नायूंची पिशवी आहे. बाळ बाहेर यावे म्हणून ती आवळते, मग सैल पडते. आवळली की कळ येते. एक कळ साधारण मिनिटभर टिकते. मग थोडी उसंत मिळते. पुन्हा कळ येते. पहिलटकरणीला असे दहा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ चालू शकते.

आता ह्यात भीती शिरली म्हणजे काय होते ते पाहा. भ्यालेल्या माणसाचे अंग ताठ होते. छाती धडधडते. श्वास भरभर चालतो. अंग ताठले की दुखणे वाढते. दुखणे वाढले की भीती वाढते. रहाटगाडग्यासारखे हे फिरत राहते आणि बाई थकून जाते.

गाणे हे गाडगे अडवते. ते कसे?

पहिली गोष्ट, मन गाण्याकडे लागले की दुखण्याकडचे लक्ष थोडे कमी होते. दुसरी गोष्ट श्वासाची. संथ ओवी म्हणून पाहा. ओळ म्हणताना श्वास हळूहळू बाहेर सुटतो. श्वास संथ झाला की खांदे, जबडा, मांड्या सैल पडतात. तिसरी गोष्ट, ओळखीचे गाणे ऐकले की माहेर आठवते, आपले माणूस जवळ आहे असे वाटते. जाते हलके वाटायचे तेही ह्याच कारणांनी.

हे आम्ही पदरचे सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बाळंतपणाच्या सेवेबद्दल शिफारशी केल्या. निरोगी बाईने वेदना कमी करण्याचा उपाय मागितला, तर तिच्या आवडीप्रमाणे संथ श्वास, अंग सैल सोडणे, संगीत असे उपाय करावेत, असे त्यांत सांगितले आहे.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमच्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला आम्ही तिला दवाखान्यात नेले. आत कुणाला सोडले नाही. ती ओरडली तर तिलाच दटावले. आम्ही बाहेर बाकावर बसून होतो. शाळेत चाळीस पोरांची विचारपूस करणारे आम्ही, पण हा बायकांचा प्रश्न म्हणून गप्प राहिलो. पुढे ती म्हणाली, "अण्णा, दुखण्यापेक्षा एकटेपणाची भीती जास्त वाटली हो." हे ऐकून आम्हाला आमचीच लाज वाटली.

दुसऱ्या खेपेला आम्ही आधीच जाऊन विचारले. तिची आई आत तिच्याजवळ राहिली. कळ आली की ती मुलीचा हात धरी आणि कानबाईचे गाणे हळू आवाजात म्हणे. मधे मधे म्हणे, "घाबरू नको माय, मी आठे शे ना." मुलगी नंतर म्हणाली, "कळा तेवढ्याच होत्या, पण ह्या वेळी मी भ्याले नाही."

सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ सोबतीण राहू द्यावी, असे केंद्र सरकारने २०१६ सालीच सांगितले आहे. सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. तिला संसर्गाचा आजार नसावा. तिने स्वच्छ कपडे घालावेत आणि डॉक्टर-नर्सच्या कामात मधे येऊ नये. दवाखान्यात आधीच जाऊन विचारून ठेवा. विचारायला लाजू नका.

गाणी आठव्या-नवव्या महिन्यातच निवडून ठेवा. अभंग, ओवी, गुलाबाईचे गाणे, जे तिला आवडते ते. मोबाईलवर लावले तर आवाज बारीक ठेवा, शेजारच्या खाटेवरही बाई असते. आणि ती "पुरे" म्हणाली तर लगेच थांबा. कुणाला गाण्यापेक्षा शांतता बरी वाटते. तिचा शब्द शेवटचा.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. गाणे म्हणजे औषध नव्हे. रक्त जास्त जाऊ लागले, झटके आले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटात बाळाची हालचाल कमी झाली, पाणी फुटले किंवा त्या पाण्याला हिरवट रंग दिसला, तर घरी गाणी म्हणत बसू नका. तडक दवाखाना गाठा. १०२ किंवा १०८ नंबरला फोन करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. २०११ पासून तशी योजनाच आहे. आशाताईचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते.

बापेमाणसांनाही एक सांगणे आहे. गाडीची सोय करणे हे तुमचे काम आहेच. पण "तुझ्याजवळ कोण असावे असे तुला वाटते?" हेही घरच्या बाईला आधी विचारा. आम्ही ते एकदा विचारले नाही. तुम्ही चुकू नका.