पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल कोणती घ्यावी? झरीत बसून दिलेलं उत्तर

दिवाळीत गावी गेलो होतो, झरीला. रात्री जेवणं उरकल्यावर चुलत भाऊ मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. यूट्यूबवर एक अमेरिकन माणूस टेबलावर पाच रायफली मांडून 'पहिली सेमी-ऑटो कोणती घ्यावी' ते समजावत होता. भावानं व्हिडिओ थांबवला. "दादा, यातली कोणती घेऊ? टार्गेटची प्रॅक्टिस पण होईल अन् वावरात रोही येतेत, त्यायचं पण बघता येईल."

भाऊ एकोणीस वर्षांचा आहे. गेममध्ये एम-४१६ कुठं मिळते हे त्याला पाठ आहे. पण प्रश्न नुसता गेममधून आलेला नव्हता. त्याच आठवड्यात काकांच्या हरभऱ्यात रोह्यांचा कळप रात्रभर बसून गेला होता. त्यामुळे 'येडा आहेस का' म्हणून विषय संपवणं मला जमलं नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, पण पुण्यात दोन वर्षं क्लबात एअर रायफल चालवली आहे. तेवढ्या भांडवलावर त्याला जे सांगितलं, ते इथे लिहितोय.

आधी सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय ते बघू. बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट मागे-पुढे करावा लागतो. मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवीन आत जातं. सेमी-ऑटोमध्ये हेच काम उडालेल्या काडतुसाची ताकद करते. एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची आपोआप तयार असते. चाप दाबून धरला तर गोळ्या सुटतच राहतात, ती फुल ऑटोमॅटिक. गेममध्ये 'सिंगल' आणि 'ऑटो' असं बटण असतं ना, तोच फरक.

व्हिडिओतली पहिली शिफारस होती रुगर १०/२२. १९६४ सालापासून बनणारी ही .२२ ची रायफल अमेरिकेत बऱ्याच जणांची पहिली असते. १० गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन, धक्का कमी, गोळ्या स्वस्त. तिची यंत्रणाही सोपी आहे: बोल्टला कुलूप नाहीच, त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावर काम भागतं, कारण .२२ च्या काडतुसाचा दाब कमी असतो. म्हणजे तो माणूस चुकीचं काही सांगत नव्हता. फक्त तो झरीत राहत नव्हता.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफल सगळ्यात वरच्या, पहिल्या वर्गात बसते. त्या वर्गाचा परवाना केंद्र सरकारच्या हातात असतो. परभणीच्या कलेक्टर ऑफिसात अर्ज घेऊन गेलात तरी ते देऊ शकत नाहीत. विनापरवाना बंदूक बाळगली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५. इन्स्टाग्राम-टेलिग्रामवर 'लायसन्स लागत नाही, होम डिलिव्हरी, आधी ॲडव्हान्स' अशा जाहिराती दिसतात. तिथे पैसे पाठवले तर दोनच गोष्टी होतात: एक तर पैसे जातात, नाहीतर खरंच बंदूक येते. दुसरी जास्त वाईट.

आता शिकार. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीला त्यात शिकारीचे परवाने होते, १९९१ च्या दुरुस्तीत ते गेले. कायद्यातली 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नाही. जखमी करणं, फास लावणं, पकडणं आणि तसा नुसता प्रयत्न करणंही त्यात येतं. एअरगननं झाडावरचा होला किंवा हरियाल पाडणं हासुद्धा गुन्हाच. लहानपणी आम्ही मागून आणलेल्या छर्ऱ्याच्या बंदुकीनं बाभळीवर काय काय उद्योग केले ते मी इथे लिहिणार नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, तिथे ३ ते ७ वर्षांची कैद. जोधपूरची १९९८ ची केस घरोघरी माहीत आहे, त्यामुळे यावर भावानं वाद घातला नाही.

पण रोह्याचं काय? शेतकरी आणि कायदा इथे अडकतात. रोही आणि रानडुक्कर पिकाची नासाडी करत असतील तर वनखात्याकडे अर्ज करून परवानगी मागता येते. ती ठराविक प्राण्यासाठी आणि ठराविक अटींवर असते. रायफल घेऊन ठेवली म्हणून रात्री वावरात जाऊन गोळी घालता येत नाही. आणि गंमत बघा, शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये भावाच्या दोन्ही गरजांचा उल्लेख आहे. पीक संरक्षणासाठी तिथे नाव आहे ठासणीच्या बंदुकीचं, म्हणजे नळीच्या तोंडाकडून दारू भरायची ती. आणि नेमबाजीच्या सरावासाठी, मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला, .२२ ची रायफल किंवा एअर रायफल. शेतासाठी एक, टार्गेटसाठी दुसरी. 'दोन्हीला चालेल अशी एक' हा यूट्यूबवरचा हिशोब इथे लागूच होत नाही.

काकांना मी एवढंच सांगितलं की नुकसान दिसलं की त्याच दिवशी फोनमध्ये लोकेशन चालू ठेवून फोटो काढा. खूर उमटलेले, झाडं मोडलेली, सगळं. आणि भरपाईचा अर्ज वनखात्याकडे लगेच टाका. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत वावर बदललेलं असतं, फोटो बदलत नाही.

राहिली नेमबाजी. इथे खरं तर भावाला चांगली बातमी होती, कारण त्यासाठी सेमी-ऑटो लागतच नाही. स्वप्नील कुसाळे आठवतो? कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे त्याचं गाव. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये त्यानं कांस्य जिंकलं, ४५१.४ गुण. त्या प्रकारातली .२२ ची रायफल एका वेळी एकच गोळी घेते आणि ती प्रत्येक वेळी हातानं भरावी लागते. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, तीही अशाच रायफलवर. सेमी-ऑटो दिसते ती पिस्तुलात: राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, त्या पिस्तुलात पाच गोळ्या भरतात. पण तो पुढचा टप्पा झाला. पहिली बंदूक म्हणून नाही.

मग पहिली कोणती? ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ ची एअर रायफल. या मापाची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची असेल तर परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र घेतो आणि नोंद ठेवतो. २० ज्यूल कमी वाटतात का? स्पर्धेतला छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास जातो. गणित केलं तर ८ ज्यूलसुद्धा भरत नाहीत. ऑलिंपिकला एवढं पुरतं. त्यामुळे दुकानात 'ही जास्त पावरफुल आहे' म्हटलं की तिथेच सावध व्हा. ताकद विकली जाते, नेम विकता येत नाही.

प्रकार मुख्य दोन. पहिला स्प्रिंगचा: नळी मोडून स्प्रिंग ताणायची, चाप ओढला की पिस्टन पुढे धावतो आणि हवा दाबतो. स्वस्त, भारतीय बनावटीच्या काही हजारांत मिळतात. पण छर्रा नळीतून निघायच्या आधीच आतला पिस्टन धडकलेला असतो, त्यामुळे बंदूक आधी मागे आणि मग पुढे हिसका देते. घट्ट आवळून धरली तर प्रत्येक वेळी वेगळीकडे जाते. हलकीच, रोज सारखी धरायला शिकावं लागतं. दुसरा प्रकार पीसीपी: सिलिंडरमध्ये आधीच २०० बारच्या आसपास हवा भरलेली, चाप ओढला की मोजून थोडी सुटते. हिसका जवळपास नाही. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, आनशुट्झ या जर्मन कंपन्यांच्या मॅच रायफली याच प्रकारच्या, पण किंमत लाखांत. पहिल्या वर्षी तर मुळीच घेऊ नका, क्लबची वापरा.

भावाला मी स्प्रिंगचीच सांगितली. दुकानात एवढंच बघायला लावलं: दस्ता खांद्याला लावल्यावर मान न वाकवता डोळा साइटच्या रेषेत येतो का, आणि चाप एका ठरलेल्या जागी सुटतो की फरफटत जातो. दुर्बीण नको. शालेय रायफल शूटिंगमध्ये ओपन साइटचा वेगळा गट असतो, डोळा त्यावर तयार झालेला बरा. आणि भाऊ कॉलेजात आहे म्हटल्यावर एनसीसी. तिथे .२२ ची बोल्ट-ॲक्शन रायफल सरकारी खर्चानं, उस्तादाच्या नजरेखाली चालवायला मिळते. क्लब आणि स्पर्धांची माहिती परभणीत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारायची.

१० मीटरच्या टार्गेटचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहून बारीक. एका छर्ऱ्याला जास्तीत जास्त १०.९ गुण, आणि ०.१ गुणाचा फरक म्हणजे पाव मिलिमीटर. हे मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक टार्गेटमध्ये, एका प्रकारात, कोपऱ्यांत मायक्रोफोन असतात. छर्रा पडल्याचा आवाज प्रत्येकापर्यंत थोडा मागे-पुढे पोचतो आणि त्या फरकावरून जागा काढतात. हवेत आवाज पाव मिलिमीटर जायला एक मायक्रोसेकंदही घेत नाही, एवढ्या बारीक घड्याळाचा खेळ आहे. फोनमधलं जीपीएससुद्धा सिग्नल पोचायच्या वेळेवरूनच जागा काढतं, इंजिनिअरिंगला हे शिकताना कंटाळा आला होता.

घरी सरावाला जागा १० मीटर पुरते, पण मागे काय आहे ते आधी. दगडी भिंतीवरून छर्रा परत येतो. आम्ही पोत्यात माती भरून थर लावला आणि गोठ्याकडचं दार बंद करायचा नियम केला. गच्चीवर नाही, रस्त्याच्या दिशेनं नाही. छर्रे शिशाचे असतात, तोंडात धरायचे नाहीत, नंतर हात धुवायचे. आणि बंदुकीसोबत रील नाही. भावानं सगळं मान्य केलं, रीलवर मात्र थोडा वेळ घासाघीस झाली.

परवा त्याचा फोटो आला. दहा छर्रे, टार्गेटचं मधलं काळं वर्तुळ, त्यातले सहा आत आणि चार पांढऱ्यावर. खाली लिहिलं होतं, "दादा, डावीकडंच का चालल्यात?" मी विचारलं, चाप बोटाच्या कोणत्या भागानं ओढतोस? अजून उत्तर आलेलं नाही. काकांच्या पंचनाम्याचंही नाही.