परसातला शेवगा

धाराशिव जिल्ह्यात दारात झाड लावा म्हटले, की पहिला प्रश्न पाण्याचा येतो. उन्हाळ्यात पिण्याचे पाणीच घागरीने मोजावे लागते, तेथे झाडाला कोठून घालणार? प्रश्न खरा आहे. परंतु भांडी विसळलेले आणि भाजी धुतलेले दोन-चार बादल्या पाणी रोज नालीत जाते. तेवढ्यावर एक शेवगा आणि एक लिंबोणी सहज जगते. मात्र पाणी आळ्यात जिरले पाहिजे. साचून राहिले तर डासांची सोय होते.

शेवगा म्हणजे आमटीतली शेंग, एवढेच आपण धरून चालतो. खरे सत्त्व पाल्यात आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, म्हणजे गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त. शिवाय ४ मिलिग्रॅमच्या वर लोह. आपल्याकडे याची गरज किती आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सगळ्यांना वाढून उरलेले खाणारी बाई प्रत्येक घरात आहे.

कोवळा पाला मुगाच्या डाळीत शिजवावा, थोडे तेल अवश्य घालावे, आणि पानात वाढल्यावर वर लिंबू पिळावे. लिंबाने पाल्यातील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तो फायदा बराच जातो. मुले भाजी खात नसतील तर पाला चिरून धपाट्यांच्या पिठात मळावा. कोथिंबीर समजून खातात! मात्र पाला खातो म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. रक्त फार उतरले असेल तर नुसत्या भाजीने ते भरून येत नाही.

दारात शेवगा नको, असे जुनी माणसे म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे. फांदी ठिसूळ असते, वाऱ्याने मोडते, आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्या येतात. अंगाला लागल्या की खाज सुटते. म्हणून झाड घरापासून आठ-दहा हात दूर, परसात लावावे.

पावसाळ्याच्या तोंडी बी किंवा मनगटाएवढी फांदी लावावी. मुरमाड जमीन चालते. काळ्या जमिनीत पाणी तुंबले तर मुळे कुजतात. तामिळनाडूतील पेरियाकुलमची पीकेएम-१ ही जात सहा महिन्यांच्या सुमारास शेंगा देऊ लागते. रोप कमरेएवढे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात आणि पाला हाताशी राहतो. बी-रोपांची चौकशी तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात करता येईल.

शेवग्याच्या मुळाची साल औषध म्हणून कोणी सुचवली तरी घरच्या घरी घेऊ नये, गरोदर स्त्रियांनी तर मुळीच नाही.